पाणी बघायला आलेले पाहुणे

मला कुणाचं चटकन खरं वाटत नाही, हा माझा जुना रोग. दुकानदारानं तराजू उचलला की मी मालाकडं बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडं बघते. आई म्हणायची, हिला देव भेटला तर ही आधी त्याचं ओळखपत्र मागंल. त्यामुळं शहापूरच्या कॉलेजात बी.ए.ला अर्थशास्त्र घेतल्यावर सरांनी आधुनिकीकरणाचा सिद्धांत फळ्यावर काढला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

सिद्धांत ऐकायला गोड होता. सरांनी फळ्यावर पायऱ्या काढल्या. सगळ्यात खाली पारंपरिक समाज, म्हणजे बैल हाकणारा, भातासाठी राब जाळणारा, नशिबाला हात जोडून बसणारा. त्याच्यावर उड्डाणाची पूर्वतयारी, मग उड्डाण, मग परिपक्वता, आणि अगदी वर भरपूर उपभोग. सगळी राष्ट्रं याच पायऱ्या चढतात, कुणी आधी, कुणी नंतर. मागं राहिलेल्यांनी जुनी मनोवृत्ती टाकायची, नवं तंत्र घ्यायचं. पुढारलेल्या भागात समृद्धी साठली की ती हळूहळू खालच्या थरांत झिरपते. 'झिरपते' हा सरांचा लाडका शब्द. तो म्हणताना ते हाताची बोटं अशी खाली सोडायचे, की आम्हांला थेंब पडताना दिसायचे.

आता झिरपणं काय असतं हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आमचं गाव तानसा धरणाच्या बाजूचं. मुंबईला पाणी नेणारे मोठाले पाइप गावाच्या अंगावरून जातात, आत माणूस उभा राहील एवढे. उन्हाळ्यात त्यांना कान लावला की आतून घोंघावत जाणारं पाणी ऐकू यायचं. आणि आमच्या विहिरीत फाल्गुनानंतर बेडूकसुद्धा राहत नसे. गावाबाहेर एका पाइपाच्या डोक्यावर पाणी सोडायचा-अडवायचा व्हॉल होता, तो गळायचा. त्याच्याखाली हंडा लावायचा आणि वाट बघायची. पाइपलाइनची माणसं येऊन तो आवळून जायची, दोन-चार दिवस बायका त्यांना शिव्या घालत नदीतल्या खड्ड्याकडं जायच्या, मग तो पुन्हा गळायला लागायचा. आपोआप गळायचा की कुणी हात लावायचं, हे मी कधी विचारलं नाही. तिथं मात्र मी गप्प बसायची.

त्या व्हॉलवर गावची आणि वाडीची एकच रांग. वाडीतली माणसं म्हणजे गावाच्या टोकाला झोपड्यांत राहणारी, शेत नसलेली, मजुरीवर जगणारी. एरवी त्यांच्या हंड्याला आमच्या बायकांचा हंडा लागला तर कपाळाला आठी. आधुनिकीकरणानं असले भेद गळून पडतात, असं सर म्हणायचे. आमच्याकडं ते काम गळक्या व्हॉलनं केलं होतं, पण उन्हाळ्यापुरतं. पाऊस लागला की ज्याची आठी त्याच्या कपाळावर परत.

एकदा न राहवून मी वर्गात उभी राहिले. म्हटलं, सर, वरून खाली झिरपतं हे कबूल, पण पाणी तर आमच्याकडून मुंबईला जातं, म्हणजे वर आम्ही आहोत, मग आमच्याकडं काय आणि कुठून झिरपणार? वर्ग हसला. सरही हसले. माणूस चांगला होता, रागावला नाही. म्हणाले, अर्थशास्त्रातलं वर-खाली हे जमिनीच्या उंचीवर नसतं. मग त्यांनी सगळ्यांनाच काम दिलं, की हा सिद्धांत आपल्या देशाला लावून दाखवा, उदाहरण स्वतःच्या गावाचं घ्या, गाव कोणत्या पायरीवर आहे ते लिहा. मी खाली बसले, पण बसता बसता मला वाटलं, हे आमच्याकडून गाव वर चढवून घेणार.

आणि खरं सांगायचं तर गाव चढलंही होतं. आदल्या वर्षीच नळपाणी योजना आली होती. टेकडीवर टाकी, आळीआळीला नळ. उद्घाटनाला साहेब आले, नळाला हार घातला, पाणी आलं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. साहेबांची गाडी हायवेला लागली असेल-नसेल, पाणी गेलं. ज्या विहिरीवरून टाकी भरायची तीच आटली होती. त्यानंतर तोटी फिरवली की नुसता वारा यायचा, फुस्स करून. पण विचारलं तर गावात नळ आहे. कागदावर, फळ्यावर आणि आमच्या अंगणाच्या कोपऱ्यावर, सगळीकडं नळ आहे.

याच नळावर माझ्या दादाचं लग्न अडलं होतं.

दादा आसनगावच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जायचा, पावसाळ्यात सुट्टी काढून भातलावणी करायचा. दिसायला बरा, निर्व्यसनी, बोलायला कमी. तरी स्थळं येत आणि मोडत. कारण एकच, पाणी. एका मुलीचा बाप तर तोंडावर बोलून गेला, की तुमच्या गावात देण्यापेक्षा पोरीला विहिरीत ढकलीन. आमच्या विहिरीत ढकलली असती तर तिचा फक्त पाय मोडला असता. दादा तिशीकडं झुकला होता, आणि गावात त्याच्यासारखे आणखीही होते. कुणाकडं लग्नाची पत्रिका आली की आई दोन दिवस भांडी आपटायची.

त्या वर्षी बाबा पौषात म्हसा गावच्या जत्रेला बैल बघायला गेले. एका मुरबाडकडच्या शेतकऱ्याच्या जोडीवर त्यांचं मन बसलं. बैलांचं जमलं नाही, पण बोलता बोलता त्याची पुतणी लग्नाची आहे असं निघालं. बैल राहिले, सोयरीक घेऊन बाबा घरी आले. आम्ही मुलगी बघायला गेलो. मी तिला बघत होते, ती मला बघत होती. आत चुलीपाशी तिनं मला हळूच विचारलं, "पाणी कुठून आणता तुमी?" मी तोंड उघडायच्या आत आई मागून बोलली, की दारात नळ हाय. खोटं नव्हतंच ते. मुलीनं मान हलवली, पण माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं, ही पण आपल्याच जातीची, संशयी.

मुलीला वडील नव्हते. तिचं बघणारा हा काका आणि तिची आत्या. दोघंही बेरकी. काका म्हणाला, मुलगा पसंत, पण घर बघायला आता येत नाही, पौषात सगळ्याच विहिरींना पाणी असतं, आम्ही चैत्र सरताना येऊ. बैलाचे दात मोजणारा माणूस तो, गावाचे का नाही मोजणार? मला तो तिथंच आवडला. आमच्या घरी मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले.

चैत्र आला. मला कुणी काही सांगितलं नाही, पण घरात कुजबुज वाढली की माझे कान उभे राहतात. सरपंच येऊन बाबांशी पडवीत हळू बोलत बसायचे. मी चहा घेऊन गेले की विषय आंब्यावर. तीन दिवस आंब्यावर बोलायला आमच्याकडं आंब्याचं एकच झाड होतं. शेवटी आईनंच सांगितलं. पाहुणे येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी टँकर आणून टेकडीवरच्या टाकीत ओतायचा. सकाळी नळ वाहते दिसले पाहिजेत. सगळ्या गावाचं एकमत होतं. दादाचं जमलं तर मुरबाडकडची वाट उघडेल, बाकीच्यांचंही जमेल. सरपंचांनी बायकांना ताकीद दिली होती, की नळ रोजच येतो असं वागा, घाई करू नका, दोन हंडे भरा आणि गप्पा मारत घरी जा.

यालाच आमच्या पुस्तकात प्रदर्शन परिणाम म्हणतात, मी मनात म्हटलं. पुढारलेल्यांचं बघून मागासलेल्यांना तसंच राहावंसं वाटतं. पुस्तकात हे नव्हतं, की मागासलेले आपलं पुढारलेपण आदल्या दिवशी टँकरनं मागवतात. दादाला विचारलं, तुला हे पटतं का? तो म्हणाला, "मला काय विचारतंस गो, मला लगीन करायचं हाय." रडावं असं तोंड करून बोलला तो. मीही विषय सोडला. मलाही वहिनी हवीच होती.

काका आणि आत्या सकाळी आले. अंगण सारवलेलं, पडवीत नवी चटई. सरपंच सहज आल्यासारखे येऊन बसले. पोहे झाले, भाताच्या, बैलांच्या गप्पा झाल्या. आत्या फारशी बोलत नव्हती, नुसती बघत होती. मग ठरल्याप्रमाणं टेकडीवर कुणीतरी टाकीचा व्हॉल उघडला आणि आमच्या कोपऱ्यावरच्या नळाला पाणी आलं. थेंबथेंब नाही, चांगलं मनगटाएवढं.

आणि इथं आमच्या लोकांनी ती चूक केली, जी फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकते.

पहिल्या दोन-तीन बायकांनी ताकीद पाळली. हंडा भरला, पदर सावरला, गप्पा मारल्या. पण नळ वाहत होता. तोटी बंद करायची कुणाला सवयच नव्हती, ती कधी उघडी राहून काही वाया गेलंच नव्हतं. पाणी दगडावर पडून गटाराकडं निघालं. ते बघून समोरची म्हातारी उठली आणि तिनं घंगाळ आणलं. तिचं बघून तिच्या सुनेनं पातेली आणली. मग कुणाचं कुणी ऐकेना. कळशा, बादल्या, पिंपं, डबे, भात शिजवायची टोपं, पोरांनी तर वाट्यासुद्धा आणल्या. वाडीतूनही बायका धावत आल्या, त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. सरपंच पडवीतून डोळे वटारत होते, पण त्यांची स्वतःचीच बायको दोन्ही काखांत कळशा घेऊन पळत होती.

आई पाहुण्यांना चहा देत होती. मी तिच्याकडं बघत होते. ती दारातून नळाकडं बघत होती. चहाचा ट्रे तिनं माझ्या हातात दिला, आत गेली, कढई उचलली, आणि पाहुण्यांच्या समोरून, डोक्यावरचा पदर घसरलेला, नळाकडं गेली. कढईत पाणी भरून आणलं, ओतलं, परत गेली. माझी आई खोटं बोलू शकत होती, पण पाणी वाया जाताना बघू शकत नव्हती. मला तेव्हा तिचा राग नाही आला.

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. सरपंचांना विचारलं, नळ रोज येतो ना? ते म्हणाले, रोज, सकाळ-संध्याकाळ. मग आत्या म्हणाली, "रोज येतं त्याला कढईत कशाला भरता?"

सरपंचांनी काहीतरी सुरू केलं, उन्हाळा, बायकांची सवय, वगैरे. आत्यानं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडं वळली. म्हणाली, तू शिकतेस ना, तू सांग. बाबा माझ्याकडं बघत होते, दादा जमिनीकडं. माझ्या हातात अजून तो ट्रे. दादाचं लग्न माझ्या जिभेवर आलं होतं हे मला कळत होतं, आणि त्या चुलीपाशी विचारणाऱ्या मुलीचं आयुष्यही. उद्या ती या दारात येणार, तोटी फिरवणार, आणि फुस्स ऐकणार. मग ती आधी माझ्याकडंच बघणार.

"टँकर काल आलाय," मी म्हटलं. "उद्यापासून पाइपावरच्या व्हॉलवर जायला लागंल. आई जाते, मी जाते. ती आली तर ती जाईल."

काका उठले. भांडण नाही, आवाज नाही. कळवतो म्हणाले. आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे 'नाही' हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यानंतर घरात जे झालं ते झालं. बाबा म्हणाले, पोरीला शिकवलं तिथंच चुकलं. आई कढईतलं पाणी माठात गाळत बसली. गावात तर मी वैरीण ठरले. माझ्यामुळं एकट्या दादाचं नाही, सगळ्यांच्याच पोरांचं अडलं म्हणे. दुसऱ्या दिवशी टाकी संपली आणि नळ परत वारा सोडायला लागले. सरांना मी हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, उदाहरण चांगलं आहे, पण परीक्षेत पुस्तकातलंच लिही. मी पुस्तकातलंच लिहिलं. देश कोणत्या पायरीवर आहे, उड्डाणाला काय काय लागतं, सगळं घोटून लिहिलं. पुढं काही वर्षांनी तर पेपरात रोजच येऊ लागलं, की देश आता झेप घेणार. आमच्या शिवारात शहरवाल्यांचे फार्महाऊस उठले, एकात तर पोहायचा तलाव बांधला. मी तो कुंपणावरून बघितला आणि मनात म्हटलं, शेवटची पायरी आली वाटतं, आमच्या डोक्यावरून.

पण ते नंतरचं. त्या चैत्रात दादा माझ्याशी बोलत नव्हता. पाहुणे गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं सायकलला दोन कॅन बांधले आणि पाळीला जायच्या आधी व्हॉलवर गेला. आमच्याकडं बाप्या माणूस पाणी भरत नाही. बैलांना पाजायला नेईल, पण रांगेत उभा राहून घरचं पाणी भरणार नाही. गाव हसलं. लग्नाआधीच बायकोच्या घरी पाणी भरायला लागला, असं पारावर म्हणायचे. बाबांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. आणि मला? मला वाटलं, नाटक. टँकर फसला, आता हा कॅन घेऊन प्रदर्शन मांडतोय. मुरबाडला बातमी जावी म्हणून. मी दोन-चार वेळा मुद्दाम मागं गेले, बघायला, की कुणी बघत नसताना पण रांगेत उभा राहतो का. राहत होता. वाडीच्या बायका त्याला पुढं घालायच्या, तर तो नको म्हणायचा. तरीही माझा पुरता विश्वास बसला नाही.

बातमी गेली की नाही ते मला ठाऊक नाही. पण वैशाखात एका सकाळी मी व्हॉलवर होते, दादा माझ्यापुढं रांगेत, आणि पाइपाच्या कडेच्या रस्त्यानं आत्या चालत येताना दिसली. एकटीच. न कळवता. घराकडं वळली नाही, सरळ व्हॉलपाशी आली आणि उभी राहिली. हंड्यात पडणारी बारीक धार बघितली, रांग बघितली, मग दादाला बघितलं.

"मी येणार म्हणून आज आलास का रे?"

दादा म्हणाला, तुम्ही येणार हे मला काय म्हाईत.

मग तिनं विचारलं, की लगीन झाल्यावरही भरशील का. सगळ्या बायका थांबल्या. मला ठाऊक होतं काय म्हणायला पाहिजे. रोज भरीन म्हण, मी मनात ओरडत होते, एवढं म्हण आणि घेऊन ये तिला. नाटकावर शंका घेणारी मी, पण त्या वेळी मलाच नाटक हवं होतं.

दादानं कॅनचं झाकण लावलं. विचार केला. "रोज नाय जमणार," तो म्हणाला. "सकाळची पाळी असली की मला लवकर निघायला लागतं. तेव्हा तिला यायला लागंल. बाकी वेळेला मी हाय."

आत्यानं धारेखाली ओंजळ धरली. पाणी प्यायली, आणि आल्या वाटेनं निघून गेली. दादा सायकल ढकलत घरी आला. मी मागून त्याला वाट्टेल ते बोलले, की अरे गाढवा, एक शब्द गोड बोलला असतास तर जीभ झडली असती का? तो एवढंच म्हणाला, की तू तरी कुठं बोलली होतीस.

पाच-सहा दिवसांनी निरोप आला, साखरपुड्याची तयारी करा. आई रडली. बाबा म्हशाच्या देवाला नारळ ठेवून आले. मी मात्र खोदत राहिले, की आत्याला काय पटलं असेल? गावाची कीव आली, की मुलीला दुसरं स्थळच नव्हतं, की आणखी काही आतलं आहे? ज्येष्ठात लग्न झालं, पाऊस अजून लागायचा होता, आणि एकदा वहिनीबरोबर व्हॉलवर जायची पाळी आली, दादाची सकाळपाळी होती. तेव्हा मी तिला सरळ विचारलं.

वहिनी म्हणाली, आत्यानं काही ठरवलंच नव्हतं. तिनं घरी येऊन मुलगा काय बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि काकानं तोंड वाकडं केलं, की बघ, आत्ताच नाय म्हणतो, पुढं काय करंल. मग त्यांनी वहिनीला विचारलं.

"मी म्हटलं द्या," वहिनी म्हणाली. "रोज भरीन म्हणाला असता, तर मी नाय म्हटलं असतं."

मी तिच्या डोक्यावर हंडा चढवायला हात लावला. हिच्याशी माझं जमणार, हे मला तिथंच कळलं.